स्पिंडलवरचं गंध

पद्मावतीच्या तोंडाला सर्वण गावातली माणसं भ्यायची ते ठीकच, पण तिच्या कानांना जास्त भ्यायची. पाववाल्या पोदेराची सायकल वळणावर असतानाच ती पाव घ्यायला निघालेल्या सुनेला सांगायची, "आज म्हातारा नाही आला, पुतण्याला धाडलंय. भोंपू कसा चोरासारखा वाजवतोय बघ." आणि पुतण्याच असायचा. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली. तिसरीचं पुस्तक आलं त्याच महिन्यात घरात धाकटा भाऊ जन्मला. मग भाऊ तिच्या कडेवर बसला नि पुस्तक फडताळात. अक्षरं ती अजून एकेक करून जोडायची. कानांचं शिक्षण मात्र पुरं झालेलं.

ते झालं एका भिंतीमुळे. अलीकडे तिचं रांधपघर, पलीकडे नवऱ्याची सुतारशाळ. सुताराला तिकडे मेस्तच म्हणतात; गोकुळदास मेस्त पलीकडे करवत ओढायचा आणि ही अलीकडे नारळ खवता खवता ओरडायची, "अहो, खिळा आहे तिथे, बघून!" आणि खिळा असायचाच. पातं बोथट झालं की तिला त्याच्या आधी कळायचं. गाठ लागली की कळायचं. त्याचं लक्ष उडालं की मग तर लगेच कळायचं. चाळीस वर्षं असं चाललं. मग दोन वर्षांमागे गोकुळदासाचे हात थरथरायला लागले, पटाश्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्या लागल्या, आणि भिंतीपलीकडे शांत झालं. ती शांतता पद्मावतीला कुठल्याही आवाजापेक्षा जास्त टोचायची.

मुलगा गौरेश कंपनीत जायचा, सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळच्या बसने परत. त्याला पटाशी सरळ धरता यायची नाही. सुतारशाळेत शिरली ती सून, सुविधा. दोडामार्गाकडची पोर, आयटीआय झालेली, लग्नाआधी साखळी शहरातल्या एका दुकानात टीव्ही-मिक्सर दुरुस्त करायची. तिने खाणीवरच्या भंगारातून सरळ लोखंडी सळया आणल्या, जुन्या प्रिंटरांच्या मोटारी काढल्या, लाकूड कोरायचं राउटर त्यावर उलटं टांगलं, आणि वर्षभर खटपट करून एक मशीन उभं केलं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, की खाली बिट, म्हणजे कोरायचं पातं, गरगर फिरत लाकडात तीच नक्षी कोरत जायचं.

"माहेराहून म्हैस आणली असतीस तर दूध तरी दिलं असतं," पद्मावती म्हणाली होती.

तेव्हापासून मशीनचं नाव म्हैस पडलं. सुविधाही तेच म्हणायला लागली. सुनेला चिडवावं आणि तिने चिडूच नये, याचा पद्मावतीला मनातून फार राग यायचा. पण म्हशीने पाट कोरले, चौरंग कोरले, कुणाच्या देव्हाऱ्याची कमान कोरली, आणि भिंतीपलीकडे परत आवाज सुरू झाला. त्याबद्दल ती कधी चांगलं बोलली नाही. फक्त दुपारचा चहा तिकडे नेऊन द्यायला लागली.

आणि मग देवळाचं काम निघालं.

नवरात्रात देवीला ज्या मखरात बसवून झुलवतात, त्याची पाठफळी वाळवीने खाल्ली होती. देवीचा कौल घेतला, उजवा प्रसाद पडून होकार मिळाला, आणि देवळाच्या आवारातला जुना फणस पाडला. त्यातून दोन रुंद फळ्या निघाल्या. काम कुणाला द्यायचं म्हणून बैठक बसली, तेव्हा लाटंबार्सेचा धाकू मेस्त पुढे सरसावला. गोकुळदास मेस्त आता थकला, बोलला. तसं बायकांच्या बाजूला बसलेली पद्मावती पदर खोचून उठली.

"तीन पिढ्या ह्या देवळाचं लाकूड आमच्या घरात घडलं. काम पोचवलं की देवळात नाव पुकारून नारळ देतात, तो तीन पिढ्या आमच्या घरी आला. हे काम माझ्या घरातच होईल. मी शब्द देते."

"करणार कोण, वयनी?" धाकूने विचारलं.

"तू नाही, एवढं नक्की."

देवस्थानचे अध्यक्ष रामचंद्रबाब हसू दाबत म्हणाले, "बरं. फळ्या घेऊन जा."

पहिली फळी बुधवारी वाया गेली. पद्मावती डिचोलीच्या बाजारातून येत होती. फाटकाशी पोचली नि हातातली सुक्या बांगड्यांची पिशवी तिथेच टाकून धावत सुटली, कारण सुतारशाळेतून येणारा आवाज लाकूड कोरण्याचा नव्हता. कण्हण्याचा होता. आत बिट गाठीत रुतून जाम झालं होतं. फिरायचं थांबलं होतं, पण पुढे सरकायचं थांबलं नव्हतं. न फिरणारं बिट म्हशीने तसंच ओढत नेलं, मोराच्या पिसाऱ्यातून देवीच्या बैठकीपर्यंत, नांगराने शेत फाडावं तसं. राउटरमधून धूर येत होता. सुविधा मागल्या दारी मोबाइलवर बोलत होती. तिने आत येऊन बटण बंद केलं तोवर फळीचं सरपण झालं होतं.

पद्मावतीने तिला काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. सासऱ्याने चाळीस वर्षांत एक फळी वाया घालवली नाही इथपासून सुरुवात झाली आणि दोडामार्गाच्या पाण्यापर्यंत गेली. सुविधा सगळं ऐकून घेत तुटलेलं बिट हातात फिरवत उभी राहिली.

त्याच संध्याकाळी रामचंद्रबाब बातमी ऐकून आले, तेव्हा मात्र पद्मावतीने त्यांना पायरीवरच गाठलं.

"फळी खराब झाली म्हणे सुनेकडून?"

"लाकडात गाठ होती. गाठ सुनेने नव्हती घातली, झाडाने घातली. दुसरी फळी आहे ना?"

"वयनी, ते कौल घेऊन पाडलेलं झाड. बाजारातलं लाकूड चालणार नाही. ही एकच उरली. ही गेली तर देवी यंदा वाळवीच्या फळीपुढे बसणार." ते परत जायला वळले. "रविवारी आम्ही येतो. आमच्या डोळ्यांसमोर काम सुरू करायचं. धाकूही येईल. त्याला वाटलं तर फळी तो घेऊन जाईल."

"या. धाकूलाही आणा. येताना त्याला जेवून यायला सांगा, माझ्याकडे त्याच्यापुरतं नसतं."

ते गेले. ती आत आली आणि म्हशीसमोर कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसली. आपला शब्द, तीन पिढ्यांचे नारळ, सगळं त्या एका उरलेल्या फळीवर येऊन बसलंय, हे तिला कुणी समजवायची गरज नव्हती.

"आता सांग. बिट अडकलं तर तुझी म्हैस थांबली का नाही?"

"तिला कळतच नाही, आई. मी सांगते इतकं पुढे जा, ती जाते. बिट फिरतंय की नाही हे तिला दिसत नाही, ऐकू येत नाही."

"म्हणजे आंधळी नि बहिरी."

"हो."

"आणि अशा जनावराला देवीच्या फळीवर सोडलंस!" पद्मावती उठली. "कान कर तिला. मला तिथे फाटकावर कळलं, तिला लाकडावर बसून कळू नये?"

सुविधा पहिल्यांदाच सासूकडे नीट बघायला लागली. मग म्हणाली, "कान नाही जमणार. डोळा करते."

तीन दिवस ती त्या डोळ्यामागे होती. राउटरच्या फिरत्या दांड्यावर, स्पिंडलवर, बिट धरून ठेवणारी जी गोल नट असते, ती तिने काळ्या रंगाने रंगवली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला. समोर शेंगदाण्याएवढा एक सेन्सर बसवला. ठिपका समोरून गेला की सेन्सरने एक मोजायचं. मिनिटाला किती फेरे झाले ते छोट्या पडद्यावर दिसायचं.

"बारा हजार फेरे धरून ठेवायचे," ती सासूला सांगत होती. "लाकूड कठीण लागलं, आकडा उतरायला लागला, की ती आपणहून जोर वाढवणार. जास्त वाटलं तर कमी करणार. आणि पुरा जोर लावूनही आकडा दहा हजारांच्या खाली आला, तर समजायचं बिट अडकतंय. लगेच पुढे जाणं बंद, नि बिट वर."

"करून दाखव."

सुविधाने आंब्याच्या एका टाकाऊ ओंडक्यात मुद्दाम बिट खोल घुसवलं. आवाज जड झाला, पडद्यावरचा आकडा घसरला, आणि म्हैस जागच्या जागी थांबली. बिट अलगद वर उचललं गेलं. ओंडक्यावर एक ओरखडा जास्तीचा नव्हता.

पद्मावती बघत राहिली. मग म्हणाली, "चहा गार झाला तुझा." आणि आत जाऊन तो परत गरम करून आणला. असलं काही तिने आजवर नवऱ्यासाठीही केलं नव्हतं.

रविवार उजाडला. त्या घरची रीत अशी की देवाचं काम सुरू करताना प्रत्येक हत्याराला चंदनाचं गंध नि फूल वाहायचं. सुविधा आंघोळीला गेली होती. पद्मावतीने विश्वकर्म्याच्या तसबिरीपुढे दिवा लावला, गोकुळदासाच्या थरथरत्या हाताला धरून करवतीला, रंध्याला, पटाश्यांना गंध लावून घेतलं. म्हशीला राहून गेलं तर ते बरं दिसलं नसतं. तिच्या लोखंडी अंगाला तिने पाच ठिकाणी गंध लावलं, जास्वंदीचं फूल ठेवलं, आणि कपाळ कुठे असेल याचा अंदाज घेत बिटाजवळ एक ठसठशीत बोट उठवलं.

दहाच्या सुमाराला रामचंद्रबाब, समितीची दोन माणसं आणि धाकू येऊन सोप्यावर बसले. गोकुळदास त्यांच्याशी बोलत बसला. आत फळी घट्ट आवळून बसवली होती. सुविधाने फूल उचलून तसबिरीपाशी ठेवलं, आणि बिट लाकडाला न टेकवता वरच्या वर फिरवून बघायला म्हणून बटण दाबलं.

रांधपघरात पद्मावती चहात साखर घालत होती. चमचा तसाच हातात धरून ती सुतारशाळेत आली.

"बंद कर."

"काय झालं?"

"आवाज बसलाय तिचा."

सुविधाने पडद्याकडे बोट केलं. "बारा हजार, आई. बघा. काल होता तोच आकडा."

"आकडा तोच असेल. आवाज तो नव्हे. काल ती गात होती, आज घोगरी झाल्येय. निम्म्याने पळतेय ती."

"असं कसं होईल? सेन्सर मोजतोय ना!"

"तुझा सेन्सर तीन दिवसांचा. माझे कान चौसष्ट वर्षांचे."

बाहेरून धाकूचा आवाज आला, "वयनी, उशीर आहे काय? की यंदा नारळ लाटंबार्सेला धाडायचा?"

सुविधाच्या कपाळावर घाम होता. चार परके पुरुष बाहेर, एक फळी समोर, आणि सासू चमचा रोखून उभी. बिट खाली सोडायला तिने बोट पुढे नेलं. पद्मावतीने ते बोट हातात धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं.

"सुविधा, माझं ऐक गो. माझा शब्द गेला तर मी चार लोकांत मान खाली घालीन, मरणार नाही. पण हे लाकूड परत नाही मिळायचं. बघ एकदा."

सासूने नमतं घेऊन बोलावं असं आजवर कधी झालं नव्हतं. सुविधाने मशीन बंद केलं. वायरी बघितल्या, ठीक होत्या. सेन्सर पुसला. मग नट हाताने हळूहळू फिरवली आणि पडद्यावर मोजणी लावली. एक फेरा पुरा झाला. पडद्यावर दोन आले. परत फिरवली. चार.

तिने मोबाइलची बॅटरी लावून खाली वाकून पाहिलं. काळ्या नटवर एका बाजूला तिचा पांढरा ठिपका होता. बरोबर समोरच्या बाजूला, वाळून घट्ट बसलेलं, चंदनाचं बोट होतं.

एका फेऱ्यात दोन ठिपके दिसत होते. म्हैस बिचारी त्याला दोन फेरे समजत होती, आकडा फार झाला म्हणून स्वतःचा जोर कमी करत होती, आणि सहा हजारांवर येऊन बारा हजारांचा आकडा दाखवत होती. तसंच बिट लाकडात उतरलं असतं तर निम्म्या ताकदीने उतरलं असतं, आणि खरे फेरे पाच हजारांखाली जाईपर्यंत तिला गाठ कळलीच नसती; तोवर बुधवारचाच प्रकार झाला असता. डोळा असूनही.

पद्मावतीला सगळं गणित कळलं नाही, पण बोट कुणाचं ते कळलं. तिने चमचा दुसऱ्या हातात घेतला. पदर सारखा केला. जनेलाच्या गजांतून बाहेर बघितलं.

"मला वाटलं ते कपाळ," ती म्हणाली.

सुविधाने तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते बघून पद्मावती खवळली.

"हसतेस काय! पुस ते!"

सुविधाने ओल्या फडक्याने गंध पुसलं. मग तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तिने पॉलिश पेपर घेऊन आपलाही ठिपका घासून टाकला, आणि लवकर वाळणाऱ्या पांढऱ्या रंगाचा डबा उघडून सासूपुढे धरला.

"एकच ठिपका हवा, आई. तो तुम्ही द्या. गंध म्हणून द्या. फक्त पुसू नका नि दुसरा लावू नका."

पद्मावतीने रंगात बोट बुडवलं, आणि हात जोडण्याइतकं थांबून, काळ्या नटवर, घासलेल्या जागीच, एक ठिपका उठवला. रंग वाळेपर्यंत तिने बाहेरच्या माणसांना चहा दिला, धाकूला साखर घालायची विसरली, आणि आत आली. सुविधाने बटण दाबलं. पडद्यावर बारा हजार. पद्मावतीने डोळे मिटून ऐकलं.

"हां. ही आमची म्हैस. बोलव त्यांना."

माणसं आत येऊन भिंतीशी उभी राहिली. बिट लाकडात उतरलं. फणसाचा पिवळा भुसा उडायला लागला, त्याचा गोड वास सुतारशाळेत भरला. वेलबुट्टी उमटली, मोराची मान उमटली, पिसारा उघडायला लागला. रामचंद्रबाब वाकून बघत होते. धाकू हाताची घडी घालून उभा होता, पण त्याची नजर कोरल्या जाणाऱ्या कडांवरून हलत नव्हती. तो हाडाचा कारागीर. चांगली कड त्याला ओळखता यायची.

आणि गाठ आली. पद्मावतीला ती आधी ऐकू आली. आवाज जड झाला, मग आणखी जड. आकडा अकरा हजारांवर आला, साडेदहावर आला. म्हैस जोर लावत होती. पद्मावतीच्या मुठी वळल्या. सुविधाचं बोट बटणाजवळ गेलं, पण तिने ते दाबलं नाही.

खट् करून सगळं थांबलं. बिट वर उचललं गेलं.

धाकू मोठ्याने हसला. "बंद पडली! रामचंद्रबाब, मी काय म्हणत होतो? चला, फळी सोडा!"

"बंद पडली नाही रे, थांबली," पद्मावती म्हणाली. आवाज असा की धाकूचं हसू अर्ध्यावर राहिलं. "इकडे ये. तो पांढरा ठिपका दिसतो? तो फिरतो, नि हा सेन्सर मोजतो. मिनिटाला बारा हजार. गाठ लागली नि बिट अडकायला लागलं, आकडा दहा हजारांखाली गेला, तेव्हा ही आपणहून थांबली. लाकूड बघ. बोट फिरव. कुठे खरचटलंय ते दाखव मला."

धाकूने बोट फिरवलं. परत फिरवलं.

"नाही," तो म्हणाला.

"तुझी पटाशी गाठीवर सटकली तर कधी आपणहून थांबलीय?"

समितीची दोन माणसं धाकूकडे बघून हसली. सुविधाने कॉम्प्युटरवर गाठीपुरती चाल हळू केली, एका वेळी कोरायची खोली कमी केली, आणि म्हैस जिथे थांबली होती बरोबर तिथूनच पुढे सुरू केली. दोनदा आणखी थांबली ती. दोन्ही वेळा कुणी हसलं नाही. तिसऱ्या वेळी गाठ पार झाली, आणि तिच्यातले गडद वळसे मोराच्या पिसाऱ्यात असे काही बसले की रामचंद्रबाबांनी चष्मा काढून पुसला. संध्याकाळी गौरेश आणि धाकू दोघांनी मिळून फळी उतरवली. धाकू स्वतःहून पुढे आला होता.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पाठफळी मखराला बसवली. देऊळ भरलेलं होतं. रामचंद्रबाबांनी नारळ हातात घेतला आणि सवयीने गोकुळदासाकडे वळले.

"ज्याने काम केलं त्याचं नाव पुकारतात ना?" पद्मावतीने विचारलं.

"होय, वयनी."

"मग पुकारा."

ते घुटमळले. देवळात आजवर बाईचं नाव त्या कामाला कुणी पुकारलं नव्हतं. गोकुळदासाने थरथरता हात उचलून सुनेकडे दाखवला.

"सुविधा..." रामचंद्रबाबांनी सुरुवात केली.

"सुविधा मेस्त," पद्मावती म्हणाली. "मेस्त म्हणा. जीभ झिजणार नाही."

"सुविधा मेस्त!" नाव देवळात घुमलं. सुविधाने नारळ घेतला, डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "आईंच्या कानांमुळे फळी वाचली. मी बिट खाली सोडत होते. मशीन चुकीचं मोजतंय हे त्यांना आवाजावरून कळलं."

कौतुकाची कुजबुज झाली. पद्मावती ताठ उभी राहिली. ते कौतुक तिला गोड लागलं, आणि ती ते घेऊन घरी जाऊ शकली असती. सुनेने अर्धीच गोष्ट सांगितली होती, ती मुद्दाम. पण समोर देवी होती, आणि अर्ध्यावर सोडायची पद्मावतीला कधी सवय नव्हती.

"कान माझे," ती मोठ्याने म्हणाली, "आणि चूकही माझीच. मशीनच्या ठिपक्यासमोर मीच गंध लावून ठेवलं होतं. तिला एकाचे दोन दिसायला लागले."

सगळं देऊळ हसलं. धाकू तर खांबाला धरून हसला.

"हस, धाकू, हस," पद्मावती म्हणाली. "पुढल्या वर्षी पालखीचं काम आहे. तेव्हा तुला भुसा झाडायला बोलावीन."

"बोलवा, वयनी. येईन."

दुसऱ्या संध्याकाळी आरती सुरू झाली, ढोल वाजले, आणि नव्या पाठफळीपुढे बसलेली देवी मखरात झुलायला लागली. दिव्यांच्या उजेडात मोराचा पिसारा मागे-पुढे होत होता. सगळ्यांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. पद्मावतीचेही. तेवढ्यात तिने शेजारच्या सुनेला कोपराने ढोसलं.

"डाव्या बाजूची कडी कुरकुरतेय," ती डोळे न उघडता म्हणाली. "उद्या तेल घाल तिला, मेस्त."